मदत हवी आहे : दमा असलेल्या आईच्या १० बाय ११ खोलीसाठी कोणता छोटा एअर प्युरिफायर?

नमस्कार मंडळी, लातूरहून लिहितोय.

आईचं वय ७१. दमा जुना आहे, पण गेली तीन वर्षं दिवाळीपासून महाशिवरात्रीच्या सिद्धेश्वर यात्रेपर्यंतचे दिवस तिला फार जड जायलेत. रात्री दोन-अडीचला उठून बसते, उशी पोटाशी धरून. यंदा येळवसेला (वेळ अमावास्येला) हट्टानं शेतात आली, आंबिल-भज्जी जेवली, सगळ्यांशी बोलली आणि घरी आल्यावर दोन रात्री डोळ्याला डोळा लागला नाही तिचा. दम्याचा पंप (इनहेलर) नियमित आहे. डॉक्टर म्हणाले, औषध आहे तसंच चालू ठेवा, पण झोपायच्या खोलीतली धूळ कमी करता आली तर बघा. प्युरिफायरचं विचारलं तर म्हणाले, घेतला तर चालेल, मात्र त्याच्या भरवशावर पंप बंद करायचा नाही.

घर बाजार समितीकडच्या जुन्या वस्तीत. दोन गल्ल्या सोडून डाळ मिल. ऑक्टोबरात सोयाबीनची आवक सुरू होते, ती ओसरते न ओसरते तोच जानेवारीत नवी तूर येते. ट्रॅक्टर-टेंपोनं उडणारी माती, मिलचा भुसा, कुणाची शेकोटी, सगळं थंडीत खालच्या खालीच तरंगत राहतं. खिडकीची चौकट सकाळी पुसली तरी दुपारी बोट फिरवलं की रेघ उमटते. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम २०१९ साली आला, त्यातल्या हवेच्या निकषांत न बसणाऱ्या शहरांच्या यादीत लातूर, जालना आणि छत्रपती संभाजीनगर ही आपली तिन्ही नावं आहेत. यादी वाचायच्या आधीच आईच्या छातीनं ते सांगितलं होतं.

खोली १० बाय ११, उंची १० फूट, वर स्लॅब. एक खिडकी गल्लीकडे, दार ओसरीत. लोखंडी कपाट, लाकडी पलंग, कापसाची गादी, कोपऱ्यात देव्हारा.

चार प्रकार बघून ठेवलेत. एक म्हणजे दीड-दोन हजारात मिळणारं, मोबाईलच्या चार्जरवर चालणारं, तांब्याएवढं. मग फिलिप्सचं ८०० मालिकेतलं, सीएडीआर (मशीन तासाला किती स्वच्छ हवा देतं तो आकडा) १९०. शाओमीचं ४ कॉम्पॅक्ट, २३०. आणि कोवेचं एअरमेगा १५०, ३०३. गोंधळ असा की खोक्यावर कुणी ३५० चौरस फूट लिहितं, कुणी ५००. माझी खोली ११० चौरस फुटांची. मग सगळ्यात लहान घेतलं तरी भागायला पाहिजे ना? तरी जो तो मोठं घ्या म्हणतो. बजेट दहा-बारा हजार, शिवाय दरवर्षीचा फिल्टर. पैसा जपून वापरायचा आहे, पण आईला खरंच उपयोग होणार असेल तर थोडं वर जायचीही तयारी आहे. कुणी छोट्या खोलीत वापरलं असेल तर मोकळेपणानं सांगा.

जुना_मोंढा (जालना)

दादा, आधी आईंना नमस्कार सांगा. माझ्या मुलाला बालदमा आहे, घर स्टीलच्या रोलिंग मिलच्या वाऱ्यात. तीन हिवाळे मशीन चालवतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

चौरस फुटाचा आकडा विसरा. मोठी खोली दाखवायची असली की तासाला दीड-दोन वेळाच हवा गाळली जाईल असं धरून हिशोब मांडतात, आणि छताची उंची आठ फूट धरतात. आपल्याकडची छतं दहा-अकरा फुटांची. दम्याच्या माणसाच्या खोलीतली हवा तासाला चार-पाच वेळा गाळून निघायला हवी.

तुमचाच हिशोब करू. १० गुणिले ११ गुणिले १० म्हणजे ११०० घनफूट. एका घनमीटरात सुमारे ३५.३ घनफूट, म्हणजे खोली ३१ घनमीटरची. पाच वेळा गाळायची तर तासाला १५५ घनमीटर स्वच्छ हवा पाहिजे. सीएडीआर म्हणजे हाच आकडा, मशीन तासाला किती घनमीटर स्वच्छ हवा देतं तो. काही खोक्यांवर तो घनफूट दर मिनिटात असतो, तेव्हा १.७ नं गुणायचं. नाहीतर दोन मशीनची तुलनाच चुकते.

आता तुम्ही म्हणाल, १९० वालं पुरलं की. कागदावर पुरतं. पण तो १९० सगळ्यात जोरात पंखा लावल्यावरचा असतो, आणि त्या आवाजात कुणी झोपत नाही. मी पहिलं मशीन असंच घेतलं. रात्री मुलगा म्हणायचा, बाबा बंद करा. मग झोपेच्या मोडवर टाकायचो, दिवा हिरवा दिसायचा आणि मी निवांत. त्या मोडवर मशीन फक्त नावाला फिरत होतं, हे कळायला माझा एक अख्खा हिवाळा गेला.

म्हणून मोठं घ्या म्हणतात. मोठं मशीन मधल्या वेगावर चालवायचं. मधल्या वेगावर हवा निम्म्यावर येते असं धरा : ३०३ चे १५०, म्हणजे तुमच्या खोलीला जवळजवळ पाच वेळा. २३० चे ११५, पावणेचार वेळा. १९० चे ९५, तीन वेळा. तुमच्या खोलीला २३० कामचलाऊ, ३०० च्या आसपासचं योग्य.

तांब्याएवढ्या मशीनच्या नादी लागू नका. त्यावर सीएडीआर लिहिलेलाच नसतो, त्यावरूनच काय ते समजा.

गोदाकाठ (परभणी)

वरचा हिशोब बरोबर आहे. त्यात फिल्टरचं जोडतो. हेपा म्हणजे अगदी बारीक कण अडवणारा घड्यांच्या कागदाचा फिल्टर. नुसतं 'हेपा टाईप', 'हेपासारखं' लिहिलेलं घेऊ नका. खरा हेपा ०.३ मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) ९९.९७ टक्के कण अडवतो, किंवा युरोपच्या मापानं एच १३ लिहिलेलं असतं. ०.३ च का, तर त्या आकाराचे कण अडवायला सगळ्यात अवघड. त्याहून मोठे धाग्यांना धडकून अडकतात, त्याहून बारीक इकडंतिकडं भरकटत जाऊन चिकटतात. पीएम २.५ म्हणजे २.५ मायक्रॉनपर्यंतचे कण, ते सहज अडकतात.

आयन (विद्युतभारित कण) हवेत सोडणारं बटण असेल तर बंद ठेवा. काही मशीनमधून त्यात ओझोन निघतो आणि दम्याला तो वाईटच.

आमच्याकडे कापसाच्या जिनिंगचा हंगाम असतो तेव्हा बाहेरची जाळी पंधरा दिवसांत पांढरी होते. ती ब्रशनं झाडायची. पण आतला हेपा पाण्यानं कधी धुऊ नका. माझ्या मेहुण्यानं नळाखाली धरला, वाळवला, परत बसवला. कागद फुगून घड्या उकलल्या होत्या, हवा सरळ आरपार. फिल्टर तुमच्या पिनकोडवर मिळतो का हे मशीनच्या आधी बघा.

माळवद_औसा

मी जरा वेगळं सांगते, राग मानू नका.

मशीन हवेत तरंगणारं ओढतं. खाली बसलेली धूळ, गादीतली धूळ, गोधडीतली धूळ तिथंच राहते. आमचं जुनं घर माळवदाचं. छतातून माती झरायची आणि सासूबाई म्हणायच्या, मशीन आणा. आम्ही आधी तुळयांखाली जाड कापडाचं छत ताणून शिवलं, झाडू बंद करून ओल्या फडक्यानं पुसायला लागलो, गादी काढून रेक्झिनच्या खोळीत घातली, चादरी आठवड्याला कडक गरम पाण्यात. त्यानं निम्मा फरक तिथंच पडला. मशीन नंतर आणलं.

आणि मला सांगा, आईंच्या खोलीत रात्री मच्छर कॉईल लावता का? देव्हाऱ्यापुढं उदबत्ती? एक कॉईल जळून जाते तेवढ्यात ७५ ते १३७ सिगारेटींएवढे बारीक कण सोडते, असं २००३ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात निघालं होतं. दार लावून कॉईल पेटवायची आणि शेजारी बारा हजारांचं मशीन चालवायचं, हे पैसे पाण्यात घालणं आहे. मच्छरदाणी लावा.

धागाकर्ता

ताई, राग कसला. तुमचा प्रतिसाद वाचून उठलो आणि आईच्या खोलीत गेलो. पलंगाखाली कॉईलची ताटली होती. रोज रात्री मीच लावायचो, डास चावू नयेत म्हणून. तिला त्रास नको म्हणून केलेली गोष्ट तिलाच बाधत होती, फार वाईट वाटलं. कालपासून मच्छरदाणी आहे. उदबत्तीचं आईशी बोललो. आधी गप्प बसली, मग म्हणाली, देव ओसरीत न्या, मी तिथं येऊन पूजा करीन. आता देव्हारा ओसरीत आहे.

जालन्याच्या दादांनी केलेला हिशोब वहीत उतरवून घेतला. आता एकच शंका. खिडकी पूर्ण बंद ठेवायची का? कोंडल्यासारखं नाही होणार?

राखरांगोळी (परळी)

आमच्याकडे थर्मल वीजकेंद्राची राख, त्यामुळे दारं-खिडक्या बंद ठेवायची सवयच लागलीय. मशीन धूळ काढतं, कार्बन डायऑक्साइड काढत नाही आणि ताजी हवा तयार करत नाही. म्हणून दिवसात दोनदा, रस्त्यावर वर्दळ कमी असेल तेव्हा, वीस मिनिटं खिडकी उघडा. मग बंद करून तासभर पूर्ण वेगावर चालवा आणि आई झोपायच्या आधी मधल्या वेगावर आणा.

दाराखालची फट मात्र बुजवा. आमची मागची खोली पत्र्याची, भिंत आणि पत्र्यात हात जाईल एवढी फट. तिथं मशीन चोवीस तास चाललं तरी त्यावरचा धुळीचा आकडा उतरेना. फटी फोमनं भरल्या तेव्हा कुठं उतरला. तुमचं स्लॅबचं आहे, काम सोपं. मशीन कपाटाआड लपवू नका, भिंतीपासून फूटभर पुढं ठेवा. वरचा पंखा हळू चालू असला तर चांगलंच, हवा फिरत राहते.

आणि लाईटचं. बटण टच असेल तर लाईट जाऊन आल्यावर मशीन आपोआप सुरू होतं का, हे दुकानात प्लग काढून परत लावून बघा. आमचं एक होत नव्हतं. रात्री अकराला लाईट जायची, दहा मिनिटांत यायची आणि मशीन सकाळपर्यंत मुकं. विजेची काळजी नको. ३० वॅटचं मशीन १२ तास चाललं तर महिन्याला ११ युनिट, छोट्या इन्व्हर्टरवरही चालतं.

धागाकर्ता (तीन आठवड्यांनी)

उशिरा लिहितोय, आधी वापरून बघायचं होतं.

गंज गोलाईच्या बाजारात दोन दुकानं फिरलो. पहिल्या ठिकाणी प्लग काढून बघू देईनात, तिथून निघालो. दुसऱ्यानं लावून दाखवलं. शेवटी ३०० च्या वरच्या सीएडीआरचं घेतलं, बजेटच्या थोडं बाहेर गेलं. त्याआधीच्या आठवड्यात मच्छरदाणी, गादीला खोळ, दाराला खाली रबराची पट्टी, खिडकीला बारीक जाळी एवढं करून घेतलं होतं. म्हणून कशाचा किती गुण, हे मला वेगळं करून सांगता येणार नाही. पण या तीन आठवड्यांत आई रात्री दोनदाच उठून बसली. आधी आठवड्यातून चार-पाचदा व्हायचं. औषध होतं तेच आहे.

आकड्यांचं सांगतो. आपल्या देशाची पीएम २.५ ची मर्यादा २४ तासांच्या सरासरीला ६० मायक्रोग्रॅम, जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ पासून १५. मशीनवरचा आकडा काही प्रयोगशाळेचा नाही हे ठाऊक आहे, तरी खिडकी उघडली की तो शंभरच्या पुढं जातो आणि बंद केल्यावर अर्ध्या-पाऊण तासात वीसच्या खाली येतो. ओसरीतून फोडणीचा धूर आला तर लगेच कळतं. म्हणून फोडणीच्या वेळी आता आईचं दार लावतो.

एक गोष्ट इतरांना उपयोगी पडेल. आई नेब्युलायझर घेते तेव्हा मशीन एकदम लाल होऊन जोरात फिरायला लागतं. पहिल्या दिवशी मी घाबरलो. ती औषधाची वाफ असते, सेन्सरला बारीक थेंब आणि धूळ यातला फरक कळत नाही. तेवढ्या वेळात मशीन बंद ठेवतो, नाहीतर औषधाचा फवाराच ओढून घेईल असं वाटतं.

दिव्याचा उजेड डोळ्यावर येतो म्हणून आईनं स्क्रीनवर हातरुमाल टाकला होता. मग डिस्प्ले बंद करायचं बटण सापडलं. तिनं ते स्वतः शिकून घेतलंय, रात्री दिवा घालवून झोपते.

आता पुढचं विचारतो. मार्चअखेर ऊन तापायला लागेल. आमच्याकडे कूलर आहे, खिडकीत बसवलेला. कूलर बाहेरची हवा आत ढकलतो आणि चालायचा तर दार उघडं ठेवावं लागतं, म्हणजे बंद खोलीचा सगळा मेळ मोडला. ओली वाळ्याची ताटी जाड धूळ अडवते, बारीक नाही. शिवाय ओल वाढली की आईला वेगळाच त्रास होतो. एसी आत्ता झेपणार नाही. एप्रिल-मेमध्ये दम्याच्या माणसाच्या खोलीत कूलर आणि प्युरिफायर दोन्हीचं तुम्ही कसं जमवता? दिवसा कूलर आणि रात्री नुसतं मशीन-पंखा, असं कुणी करून बघितलंय का? लातूर, धाराशिव, बीडकडच्या उन्हाळ्याचा अनुभव असलेल्यांनी जरूर लिहा.