मदत हवी आहे: लेकीसाठी बॉस्टनचं मोठं विद्यापीठ की टेरा होटचं छोटं इंजिनिअरिंग कॉलेज?

नमस्कार मंडळी,

लेकीच्या कॉलेजचा निर्णय १ मेच्या आत कळवायचा आहे आणि गेले पंधरा दिवस घरात दुसरा विषय नाही. आम्ही इंडियानापोलिसजवळ राहतो. तिला बायोमेडिकल इंजिनिअरिंग करायचंय. सहा ठिकाणी अर्ज केले होते, त्यातली आता दोनच उरली आहेत: बॉस्टन युनिव्हर्सिटी आणि रोज-हलमन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी. इथे कुणाला तरी दोन्हीकडचा अनुभव असेल या आशेने सविस्तर लिहितेय. लांबलं तर सांभाळून घ्या.

रोज-हलमनचं नाव आमच्या सांगलीच्या घरी कुणी ऐकलेलं नाही. १८७४ साली स्थापन झालेलं कॉलेज, आमच्याकडून सव्वा-दीड तासावरच्या टेरा होट गावात. सगळे मिळून विद्यार्थी २,००० च्या थोडे वर, आणि शिकवतात ते इंजिनिअरिंग, विज्ञान, गणित. पीएचडीचे विद्यार्थी नाहीतच, त्यामुळे वर्गात आणि लॅबमध्ये प्राध्यापक स्वतः उभे असतात. पीएचडी न देणाऱ्या इंजिनिअरिंग कॉलेजांच्या यूएस न्यूज मासिकाच्या क्रमवारीच्या यादीत ते सलग २५ वर्षं पहिलं होतं. आमची ओळख मात्र यादीतून झालेली नाही. सहावी ते बारावीच्या मुलांना गणित-विज्ञानाचा गृहपाठ फोनवर फुकट समजावून सांगायची त्यांच्या विद्यार्थ्यांची सेवा आहे, १९९१ पासून चालू आहे. लेक सातवीत असताना एकदा रात्री आठला गुणोत्तराच्या गणितावरून रडकुंडीला आली होती. आम्ही दोघंही कामात होतो, तिने स्वतःच फोन लावला. पलीकडच्या मुलाने उत्तर काही सांगितलं नाही. अर्धा तास तिच्याकडून चित्रं काढून घेतली आणि शेवटी तिनेच उत्तर सांगितलं. तो कागद तिने कित्येक महिने कपाटाला चिकटवून ठेवला होता.

बॉस्टन युनिव्हर्सिटीची ओळख करून द्यायला नको. छत्तीस हजारांच्या आसपास विद्यार्थी, चार्ल्स नदीच्या काठाने कॉमनवेल्थ ॲव्हेन्यूवर लांबच लांब पसरलेलं, मधून ट्राम जाते. बायोमेडिकलमध्ये त्यांचा विभाग देशातल्या चांगल्या विभागांत गणला जातो. आणि आमच्या दृष्टीने मोठी गोष्ट म्हणजे त्याच विद्यापीठात सार्जंट कॉलेज आहे, जिथे आरोग्य आणि पुनर्वसनाचे विषय शिकवतात.

ही मोठी गोष्ट का, ते सांगते. माझ्या वडिलांचा उजवा पाय मधुमेहामुळे गुडघ्याखाली काढावा लागला. त्यांना जयपूर फूट बसवला. लेक तेव्हा नऊ वर्षांची होती, सुट्टीत सांगलीला होती. बाबा पहिल्यांदा देवघरासमोर मांडी घालून बसले, तेव्हा ती शेजारी बसून त्या रबरी पावलाला हात लावून बघत होती. बोटं खरी दिसतात, नखंसुद्धा आहेत, अनवाणी चालता येतं, उकिडवं बसता येतं. तिने विचारलं, "आजोबा, हा कुणी बनवला?" रामचंद्र शर्मा नावाचे कारागीर आणि डॉ. सेठी, जयपूरच्या सवाई मानसिंग हॉस्पिटलात, १९६० च्या दशकात, हे सगळं तिने नंतर स्वतः शोधून काढलं. तेव्हापासून तिच्या डोक्यात कृत्रिम पाय आहे.

पण मी आई आहे, मला तिच्यात दोन मुली दिसतात. एक, जिला पावलाचा घोटा कसा वळतो, कुठे झिजतो, हे उलगडून बघायचंय. दुसरी, जी रोज आजोबांना व्हिडिओ कॉल करून "आज किती पावलं चाललात?" विचारते आणि ते चिडले की त्यांना बोलतं करते. उद्या दुसऱ्या वर्षी तिला वाटलं की आपल्याला यंत्रापेक्षा माणसाबरोबर काम करायचंय, तर बॉस्टनमध्ये त्याच आवारात दुसरं कॉलेज आहे. टेरा होटमध्ये एका इंजिनिअरिंगमधून दुसऱ्या इंजिनिअरिंगमध्ये किंवा फार तर विज्ञान-गणितात जाता येईल, त्यापलीकडे जायचं तर कॉलेजच बदलावं लागेल. सतराव्या-अठराव्या वर्षी माणसाला स्वतःबद्दल इतकं पक्कं माहीत असतं का?

दोन्हीकडे जाऊन आलो. बॉस्टनला ट्रामच्या खांबापाशी ती उभी होती, नदीवरच्या वाऱ्याने गाल लाल झालेले, आणि म्हणाली, "आई, इथे मला कुणीच ओळखत नाही, किती छान!" मला त्या वाक्याने धस्स झालं, पण तिचा चेहरा खरंच फुललेला होता. टेरा होटला वर्कशॉप बघताना तिने सेन्सरबद्दल काहीतरी विचारलं. तिथल्या प्राध्यापकांनी आमच्या गाइडला पुढे जायला सांगितलं आणि फळ्यावर टाचेपासून अंगठ्यापर्यंत भार कसा सरकतो ते काढून दाखवलं. मग मार्कर तिच्या हातात दिला. चाळीस मिनिटं! बाहेर आल्यावर गाडीत बसेपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. नवरा म्हणतो, याच्यापुढे आणखी काय विचारायचंय? तो रोज-हलमनच्या बाजूने आहे.

माझी अडचण तिथेच आहे, आणि त्यात माझा स्वतःचा भूतकाळ मिसळलाय हे मला कळतं. मी १९९४ ला मेकॅनिकलला ॲडमिशन घेतली. साठ जणांच्या वर्गात आम्ही तीन मुली. वर्कशॉपमध्ये लेडीज टॉयलेट नव्हतं, मुख्य इमारतीपर्यंत पळत जायचं आणि परत यायचं. लेथवर मुलं उभी राहायची, आमच्या हातात जर्नल. "मॅडम, तुम्ही रीडिंग घ्या." चार वर्षं मी रीडिंग घेतली. नोकरीला लागल्यावर पहिल्या दिवशी टूल पोस्टला हात लावताना माझा हात थरथरत होता. रोज-हलमनने मुलींना प्रवेश द्यायला सुरुवात केली १९९५ साली, आणि आजही मुली साधारण चौथा हिस्साच आहेत. आम्हाला वर्कशॉप दाखवणारी मुलगीच होती, केस घट्ट बांधलेले, हाताला ग्रीस, अगदी सहज लेथ चालवत होती. ते बघून बरं वाटलं. पण पाहुणे आलेले असताना आणि एरवी, यात फरक असतो ना?

पैशाचंही सांगते. रोज-हलमनने मेरिट स्कॉलरशिप दिलीय, त्यामुळे वर्षाला बॉस्टनपेक्षा १७ हजार डॉलर कमी लागतील. म्हणजे चार वर्षांत ६८ हजार. ५२९ मध्ये (कॉलेजच्या खर्चासाठीचं करसवलतीचं बचत खातं) साठवलेले आहेत, पण बॉस्टनला पुरणार नाहीत. तिच्या नावावर सरकारी कर्ज चार वर्षांत मिळून २७ हजारच मिळतं, आणि आईवडिलांना मिळणाऱ्या सरकारी प्लस कर्जावर २०२६ च्या १ जुलैपासून वर्षाला २० हजार, एकूण ६५ हजार अशी मर्यादा येतेय. उरलेलं खाजगी बँकेकडून घ्यावं लागेल. धाकटा आता आठवीत आहे, त्याचंही पुढे आहेच.

तर विचारायचंय ते हे. कुणाचं मूल फक्त इंजिनिअरिंगच्या छोट्या कॉलेजात गेलं आणि मध्येच दिशा बदलली, असं झालंय का? क्रेडिट किती वाया गेले, वर्ष गेलं का? आणि जिथे मुली कमी आहेत अशा कॉलेजात तुमची लेक शिकली असेल, तर तिचं तिथलं रोजचं जगणं कसं होतं, ते कृपया लिहा. रँकिंगचे दुवे नकोत, ते सगळे पाठ झालेत.

भर, चार दिवसांनी:

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं.

एका ताईंनी विचारलं, "तिने कधी पाय बसवण्याचं काम प्रत्यक्ष बघितलंय का?" मला खरंच सुचलं नव्हतं. चार फोन केले, एका क्लिनिकने शनिवारी तिला येऊ दिलं. सकाळभर ती बघत होती: प्लॅस्टरचा साचा, मोजमापं, मग एक आजी समांतर दांड्यांमध्ये चार पावलं चालल्या. तिथल्या बाईंनी तिला सांगितलं की कृत्रिम अवयव बसवण्याचा व्यवसाय करायला आता मास्टर्स लागतंच, आणि आधीची पदवी इंजिनिअरिंगची असली तरी चालते. ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, सायकॉलॉजी, स्टॅटिस्टिक्स असे ठरावीक विषय झालेले हवेत. फिजिओथेरपीची डॉक्टरेटही तशीच, पदवी कुठलीही चालते पण विषय हवेत. म्हणजे जो विषय कॉलेजात मिळणार नाही तो उन्हाळ्यात इथल्या आयव्ही टेक या कम्युनिटी कॉलेजात करता येईल. माझ्या मनातला दरवाजा इतका काही बंद नव्हता तर. हे आधी कळलं असतं तर दोन आठवड्यांची झोप वाचली असती.

संशोधनाबद्दलही अनेकांनी लिहिलंत. नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या उन्हाळी कार्यक्रमातून छोट्या कॉलेजातली मुलं मोठ्या विद्यापीठांच्या लॅबमध्ये आठ-दहा आठवडे काम करू शकतात, आणि त्यासाठी लागणारं अमेरिकन नागरिकत्वही तिच्याकडे आहे. ते टिपून ठेवलंय.

लेक क्लिनिकमधून आली ती थेट आजोबांना फोन लावून बसली. त्यांना म्हणाली, "तुमचा साचा नीट घेतला नव्हता, म्हणून वरच्या बाजूला दुखतं. पुढच्या वेळी मी बघते." आजोबांनी आजीला हाक मारून मोबाइल तिच्या हातात दिला, त्यांना पुढे बोलवेना.

कौल टेरा होटकडे झुकतोय, पण मुलींच्या प्रश्नाचं समाधान अजून झालेलं नाही. त्यावर फक्त दोनच प्रतिसाद आलेत आणि ते एकमेकांच्या अगदी उलट आहेत. २५ एप्रिलला, शनिवारी, आम्ही पुन्हा जातोय. या वेळी ती एक रात्र तिथल्या डॉर्ममध्ये एका मुलीच्या खोलीवर राहणार आहे, आम्ही गावात हॉटेलवर. कुणाची लेक, भाची, पुतणी तिथे शिकत असेल किंवा शिकून गेली असेल, तर कृपया व्यनि करा. तिच्याशी दहा मिनिटं बोलायला मिळालं तरी पुरे. रात्री अकरा वाजता लॅबमध्ये टीमची एकटी मुलगी म्हणून काम करताना कसं वाटतं, एवढंच विचारायचंय, आणि ते माझ्यापेक्षा लेकीनेच विचारलेलं बरं.