अमानत, अनामत आणि परहेज : तब्येतीच्या शब्दांविषयी

प्रश्न

मी मधुमेहाच्या रुग्णांना आहार सांगायचं काम करते. मागच्या आठवड्यात एक आजोबा आले होते, सत्तरी ओलांडलेले, दोन वेळा इन्सुलिन घेणारे. रमजानला अजून दोन महिने आहेत, पण रोज्यांचं बोलणं आधीच काढावं लागतं. सहा-आठ आठवडे हाताशी असले तरच औषधांच्या वेळा नीट बसवता येतात. या वर्षी रोजे नकोत असं डॉक्टरांनी सांगितलं आणि आजोबांच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या वर्षांत त्यांचा एकही रोजा चुकला नव्हता. शेजारी बसलेल्या आजी हलकेच म्हणाल्या, "जिस्म अमानत है जी. अपना थोडीच है." आजोबांनी माझ्या हातातला आहाराचा तक्ता घेतला, चार घड्या केल्या आणि सदऱ्याच्या खिशात ठेवला.

आपण 'अनामत रक्कम' म्हणतो, तीच ही 'अमानत' का? आणखी एक. मी 'पथ्य' म्हणते तिथे आजी 'परहेज' म्हणतात. दोन्हींचा अर्थ एकच धरायचा का?

प्रतिसाद १

ताई, आमच्या घरात दखनी आणि शाळेत मराठी, त्यामुळे हे दोन्ही शब्द माझ्या तोंडातले आहेत.

हो, शब्द एकच. अरबी 'अमानत', म्हणजे विश्वासाने सांभाळायला दिलेली ठेव. हा शब्द मराठीत येताना म आणि न यांची अदलाबदल झाली आणि 'अनामत' झालं. इमान, बेइमान हेही त्याच धातूतले. मराठीत अनामत पैशापुरती उरली : भाड्याच्या घराची, निवडणुकीच्या उमेदवाराची. आमच्या बोलण्यात मात्र ती मुलांना, जमिनीला, दुसऱ्याने विश्वासाने सांगितलेल्या गोष्टीला आणि शरीरालाही लागते. ज्याची अमानत त्याला ती परत करा, अशी कुराणाची आज्ञा आहे (४:५८). परत द्यायची वस्तू सांभाळूनच वापरावी लागते. आजी तेच म्हणाल्या.

याच्या जोडीला 'हक्क' हा शब्द घ्या. पैगंबरांचे एक साथीदार अब्दुल्लाह बिन अम्र हे रोज रोजा ठेवायचे आणि रात्रभर नमाज पढायचे. पैगंबरांनी त्यांना थांबवलं आणि सांगितलं, की तुझ्या शरीराचा तुझ्यावर हक्क आहे, तुझ्या डोळ्यांचा तुझ्यावर हक्क आहे. मराठीत आपण हक्क मागतो, बजावतो. इथे हक्क शरीराचा आहे आणि देणेकरी आपण आहोत. मला हे वाक्य फार जवळचं वाटतं, कारण ते आळशाला नाही, भक्ती करून करून थकलेल्या माणसाला सांगितलेलं आहे. तुमच्या आजोबांसारख्यालाच.

आता परहेज. हा फारसी शब्द, अर्थ स्वतःला आवरणं, जपणं. हकीम तिखट-आंबट बंद करायला सांगतो ते परहेज, आणि देवाला स्मरून वाईटापासून दूर राहतो तो माणूस परहेजगार. जिभेला लगाम आणि मनाला लगाम, दोन्हींना एकच शब्द. म्हणून आजीच्या कानाला 'परहेज' हा नुसता डॉक्टरचा हुकूम वाटत नाही. तुम्ही तक्त्यावर 'परहेज' लिहिलंत तर बरं होईल.

रोज्यांबद्दलही सांगतो. रमजानचे रोजे जिथे फर्ज, म्हणजे बंधनकारक केले, त्याच आयतींत (२:१८४-१८५) आजारी माणसाला ते दुसऱ्या दिवसांवर ढकलायची मुभा आहे, आणि अल्लाह तुमच्यासाठी सोपेपणा इच्छितो, असंही तिथेच म्हटलंय. या मुभेला 'रुख्सत' म्हणतात. बरं होण्याची आशाच नसेल तर दर रोज्यामागे एका गरिबाला जेवू घालायचं, तो फिदया. आजोबांना हे त्यांच्या मशिदीतल्या इमामांच्या तोंडून ऐकू द्या. डॉक्टर 'नको' म्हणतात तेव्हा त्यांना काहीतरी हिरावल्यासारखं वाटतं. रुख्सत ही दिलेली गोष्ट आहे.

प्रतिसाद २

मी आयुर्वेद शिकवतो. 'पथ्य' आलं 'पथ'वरून. शरीराच्या वाटेला जे मानवतं ते पथ्य, म्हणजे शब्दाचा भर काय खावं यावर. परहेजचा भर काय टाळावं यावर. तेव्हा ताई, दोन्ही शब्द ठेवा.

पण पोटाच्या हिशेबात दोन्हीकडचे लोक किती जवळ येतात बघा. आयुर्वेदाचा जुना ग्रंथकार वाग्भट सांगतो : पोटाचे दोन भाग अन्नाने भरा, एक पातळ पदार्थांनी आणि चौथा वायूसाठी मोकळा ठेवा. हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांत, तीन भाग आहेत : एक अन्नाला, एक पाण्याला, एक श्वासाला. त्याआधी म्हटलंय, की माणूस पोटाहून वाईट भांडं भरत नाही. दोन्हीकडे एक भाग रिकामा सोडलाय, एकीकडे वायूसाठी, दुसरीकडे श्वासासाठी.

'तब्येत'बद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून थोडं. अरबीत तिचा अर्थ स्वभाव, प्रकृती. युनानी वैद्यकात शरीराला आतून सावरणारी शक्ती म्हणजे तबीयत, आणि हकीम तिचा मदतनीस. मराठीत 'तब्येतीने जेवला', 'तब्येतीत गायला' म्हणतो तेव्हा हा जुना अर्थ अजून जिवंत असतो.

प्रतिसाद १

त्यात 'जुलाब'ही घाला. फारसी गुलाब, म्हणजे गुलाबपाणी, अरबीत 'जुलाब' झालं. आधी गोड सरबत, मग पोट साफ करायचं औषध, आणि मराठीत शेवटी दुखणंच.

प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. तक्ता नव्याने लिहिला. वर 'परहेज', खाली 'पथ्य', आणि मोठ्या अक्षरांत : साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर वाट बघत बसायचं नाही, लगेच फोन करायचा. बोट टोचून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, असं बहुतेक उलेमा, म्हणजे धर्मपंडित, सांगतात. तेही लिहिलं, कारण आजीही गोळ्या घेतात आणि त्या रोजे ठेवणार आहेत. शुक्रवारच्या नमाजनंतर दोघं इमामसाहेबांना भेटून येतील आणि सोमवारी माझ्याकडे.