मदत हवी आहे: सांचिन कातात श्वास कोंडतो

गोजू-ऱ्यू ही कराटेची शैली शिकतोय. तिच्यातल्या सांचिन या काताचा, म्हणजे ठरलेल्या हालचालींच्या क्रमाचा, पवित्रा बरा जमतो, अडतंय ते श्वासावर. ठोसा संपून मूठ थांबते त्या क्षणी पोट आवळलं की घसाही बंद होतो, मानेच्या शिरा तटतटतात, चेहरा लाल होतो. मला रक्तदाबाची गोळी चालू आहे. डॉक्टरांची व्यायामाला परवानगी आहे, पण दम कोंडून जोर लावायचा नाही अशी सक्त ताकीद आहे. त्यामुळे शिमे, म्हणजे खांद्या-पाठीवर थापा मारून होणारी तपासणी, सध्या बंदच ठेवली आहे.

ताण कमी करून पाहिला, तर खांदे वर चढतात. वेग वाढवला, तर काताचा जीवच जातो. तोंडाने ‘हाऽऽ’ करत श्वास सोडतो, तरी शेवटच्या टोकाला घसा आवळतोच. सेन्सेईंना, म्हणजे शिक्षकांना, हे सगळं माहीत आहे, ते सावकाश घ्यायला सांगतात. सांचिन सोडायचं नाही, गोजू-ऱ्यूचा पायाच तो आहे.

उएची-ऱ्यू या दुसऱ्या कराटे शैलीचं सांचिन उघड्या हातांनी होतं, श्वासही एवढा घोगरा नसतो. तसा श्वास गोजूच्या सांचिनला चालेल का? आणि मूठ थांबताना ओटीपोट घट्ट ठेवून घसा मोकळा कसा ठेवायचा?