पोलो खाली घ्यायची आहे : लोअरिंग स्प्रिंग की कॉइलओव्हर? घर समुद्राजवळ

मिऱ्याबंदर :
नमस्कार मंडळी. माझी २०१७ ची पोलो जीटी टीएसआय, ६८ हजार किलोमीटर झालेत, सस्पेन्शन अजून कंपनीचंच आहे. राहायला मिऱ्याला, घरापासून समुद्र हाकेच्या अंतरावर. दर पंधरवड्याला कामासाठी आंबा घाटातून कोल्हापूर, आणि महिन्यातून दोनदा आईबाबांकडे गुहागर बाजूला, जयगड-तवसाळ फेरीबोटीने.

साखरपा सोडून घाट लागला की गाडी वळणावर कलते. इंजिनात जोर आहे, ब्रेक चांगले आहेत, पण दर वळणाला गाडी आधी कलते आणि मग वळते. शिवाय चाकाच्या वर चार बोटं मावतील एवढी पोकळी दिसते, तीही डोळ्यांना खुपते. खोटं कशाला सांगू.

एक पर्याय म्हणजे ३० मिलिमीटर खाली घेणाऱ्या स्प्रिंगा, शॉकअप आहेत तेच. दुसरा कॉइलओव्हर, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअपचा जोडसंच, त्यात उंची आणि डॅम्पिंग (स्प्रिंगची उसळी आवरण्याचा जोर) दोन्ही आपल्या हातात, पण मला मिळालेल्या भावात खर्च जवळपास चौपट. कोल्हापूरचा फिटर म्हणतो कॉइलओव्हरच घे, पावसाळ्यात गाडी वर कर, दिवाळीला खाली. ऐकायला छान वाटतं. इथे कुणी खरंच असं करतं का? गावच्या घरी गडग्यातून (दगडी कुंपणातून) आत शिरताना चिऱ्याचा उंचवटा आहे, आणि ओहोटीच्या वेळी जेटीचा उतार किती अवघड होतो ते सगळ्यांना माहीत आहे. पोलो २०२२ मध्ये आपल्याकडे बंद झाली, त्यामुळे ही गाडी मला अजून दहा वर्षं सांभाळायची आहे.

चिपळूण_टीडीआय :
कॉइलओव्हर घे आणि मोकळा हो. माझ्या गाडीला तीन वर्षं आहेत. नुसत्या स्प्रिंगा घातल्या की जी उंची मिळेल ती मिळेल. एक बाजू अर्धा इंच खाली बसली तरी काही करता येत नाही. कॉइलओव्हरला दोन आटे फिरवले की काम झालं. आणि घाटात डॅम्पिंग तीन क्लिक कडक केलं की गाडी रुळावरून चालल्यासारखी जाते. मी मात्र गाडी शेडमध्ये ठेवतो आणि समुद्र माझ्यापासून लांब आहे, हे आधीच सांगतो.

जयगडखाडी :
भावा, मी दोन्ही करून बसलोय, त्यामुळे सविस्तर लिहितो. माझी स्विफ्ट आहे, पण पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात) आणि मागे टॉर्शन बीम (दोन्ही चाकं जोडणारा आडवा दांडा) ही मांडणी तुझ्या पोलोसारखीच.

आधी मी ३५ मिलिमीटरच्या स्प्रिंगा जुन्या शॉकअपवर चढवल्या. पहिला महिना मजेत गेला. पण आखूड स्प्रिंग घातली की शॉकअपचा दांडा कायम आत दाबलेला राहतो. समजा, खड्ड्यात चाकाला वर जायला आधी ७५ मिलिमीटर जागा होती, तर आता ४० उरली. पुढे सगळा मार बंप स्टॉपवर, म्हणजे शेवटी टेकणाऱ्या रबरावर. त्यात नवी स्प्रिंग जास्त ताठ, तिला परत फेकताना आवरणं जुन्या दमलेल्या शॉकअपला झेपत नाही. हातखंब्याला रस्त्याचं काम चालू असताना रोज जात होतो, आठ महिन्यांत पुढचा डावा शॉकअप तेल गाळायला लागला. त्या मापाच्या स्प्रिंगेत दोष नव्हता, मी अर्धंच काम केलं होतं.

मग कर्ज काढल्यासारखे पैसे घालून कॉइलओव्हर बसवले. गाडी काय चालायची! आंबा घाट, कशेडी, सगळीकडे आनंद. पण माझं घर खाडीवर आहे. इथे पत्र्याचा खिळा दोन पावसाळे टिकत नाही. कॉइलओव्हरची नळी पोलादाची, तिच्यावर फिरणारी उंचीची चकती ॲल्युमिनियमची. दोन वेगळे धातू आणि मध्ये खारं पाणी, की ॲल्युमिनियम खायला लागतं आणि पांढरी भुकटी आट्यांत बसते. मागे तर आणखी वाईट. टॉर्शन बीमच्या गाडीत मागची स्प्रिंग आणि शॉकअप वेगवेगळे असतात, म्हणजे नाव कॉइलओव्हर असलं तरी मागे उंचीचा ॲडजस्टर स्प्रिंगच्या टोकाशी, चाकाच्या चिखलाच्या थेट माऱ्यात. दुसऱ्या पावसाळ्यानंतर गाडी वर घ्यायला गेलो तर चारही चकत्या घट्ट बसलेल्या. गंजरोधक तेल मारलं, तापवलं, शेवटी मागच्या दोन ग्राइंडरने कापल्या.

म्हणून फिटरचं ते ‘पावसाळ्यात वर, दिवाळीला खाली’ इथे चालत नाही. आणि उंची बदलली की दर वेळी अलाइनमेंट करावं लागतं, कारण गाडी खाली-वर झाली की कॅम्बर आणि टो, म्हणजे चाकांचे कोन, दोन्ही हलतात. नाही केलं तर टायर आतून खातो. स्टेनलेसच्या नळीचे कॉइलओव्हर मिळतात, केडब्ल्यूचे आहेत, पण ते परवडणार असतील तर तू हा प्रश्न विचारला नसतास.

माझा सल्ला : २५ मिलिमीटरच्या स्प्रिंगा, आणि त्यांच्यासोबत खाली घेतलेल्या गाडीसाठीच बनवलेले आखूड शॉकअप. उदाहरणार्थ बिलस्टाइनचे बी८ याच कामाचे. बी६ मूळ उंचीसाठी असतात, ते गल्लत करून घेऊ नकोस. जास्त खाली जायचा मोहही आवर. मॅकफर्सनमध्ये लोअर आर्म (चाकाला धरणारा खालचा दांडा) आडव्या रेषेच्या पलीकडे गेला, म्हणजे चाकाकडचं टोक वर आलं, की रोल सेंटर (ज्या बिंदूभोवती गाडी कलते तो) गाडीच्या वजनाच्या केंद्रापेक्षा वेगाने खाली जातं. मग दिसायला खाली, पण कलण्याची ओढ उलट वाढते, आणि ती दाबायला आणखी कडक स्प्रिंग लागते.

अजून एक. ६८ हजारांनंतर तुझे शॉकअप दमलेले असणारच. दमलेल्या शॉकअपने गाडी जास्त कलत नाही, पण झटकन कलते, आणि माणसाला तेच जास्त जाणवतं.

पैसे भरण्याआधी एक कर. चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंत चारही बाजूंना टेपने माप घे. मग पाच माणसं बसव, डिकीत तांदळाची पोती टाक, पुन्हा मोज, आणि तशीच गाडी ओहोटीला जेटीवर घेऊन जा. खाली घेतल्यावर कुठे घासेल त्याचा अंदाज येईल.

भाट्येपूल :
वरचं सगळं पटलं. फक्त विमा कंपनीला बदल लेखी कळवून पोच ठेवा. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ बघून घ्या. नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल चालत नाही. आणि गतिरोधकांचं म्हणाल तर इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाने तो ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच हवा. आपल्या वाडीतले गतिरोधक गावकऱ्यांनी घमेल्याने ओतलेले आहेत, त्यांना मापच नाही. गाडी खाली घेताना त्यांच्याकडे बघूनच उंची ठरवा.

मिऱ्याबंदर :
रविवारी करून पाहिलं. आम्ही पाच जण आणि ५० किलोची दोन पोती. पुढे २६ मिलिमीटर खाली, मागे ४८. गडग्याचा उंचवटा सुटला. तवसाळला बोटीतून उतरताना मात्र मागचा सायलेन्सर रॅम्पच्या कडेला घासला, आवाज ऐकून बाबा माझ्याकडे बघतच राहिले. म्हणजे ३० चा विचार सोडला. नवी स्प्रिंग ताठ असल्याने भरल्या गाडीत एवढी बसणार नाही हे कळतं, तरी माझ्या कुटुंबाच्या गाडीत एवढाही धोका मला नको. २५ च्या स्प्रिंगा आणि आखूड शॉकअप, दोन्ही एकाच वेळी. पाऊस संपला की बसवणार.

@जयगडखाडी दादा, स्ट्रटचे वरचे माउंट (रबरी बैठक) आणि बेअरिंग जुनेच चालतील का? फिटर म्हणतो चांगले आहेत.

जयगडखाडी :
नवीनच घाल. स्ट्रट खोललेलाच आहे, नंतर पुन्हा खोलायची मजुरी त्या रबराच्या किमतीपेक्षा जास्त जाते. बंप स्टॉप शॉकअपसोबत येतात का ते विचारून घे, जुने लांब बंप स्टॉप बसवू देऊ नकोस. आणि मागच्या बुशांचे (सांध्यातल्या रबरांचे) बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना आवळायला सांग. जॅकवर लटकत्या गाडीत आवळले तर बुश पिळून बसतो आणि वर्षात फाटतो. दोनशे-तीनशे किलोमीटर चालवून मग अलाइनमेंट कर, स्प्रिंगा तोवर जागेवर बसतात. फेरीबोटीचा दिवस असेल तर त्या संध्याकाळी गोड्या पाण्याचा पाइप चाकांच्या आत मार.