नऊ नंबरच्या जागी कोण? (सांगली–सातारा, उद्याची सेमीफायनल)

प्रेषक: दादा, विश्रामबाग, सांगली
शनिवार, रात्री सव्वानऊ

मंडळी, नमस्कार.

तुमच्याकडे कॅलिफोर्नियात सकाळ उजाडली असेल. सांगलीला परत येऊन मुलींना बास्केटबॉल शिकवायला लागलो तेव्हा बोर्ड आणि रिंगसाठी मंडळानेच पैसे उभे केले होते, म्हणून हा प्रश्न आधी तुमच्यापुढे ठेवतो. उद्या सकाळी आमच्या सतरा वर्षांखालच्या मुलींची सेमीफायनल आहे. समोर सातारा. बाद फेरी आहे, हरलो की स्पर्धा संपली.

आज क्वार्टरफायनल संपत आली असताना आमची नऊ नंबर रिबाउंडला, म्हणजे रिंगला लागून परतलेला बॉल धरायला, उडाली. खाली येताना तिचा पाय समोरच्या मुलीच्या बुटावर पडला आणि घोटा आत वळला. सूज आहे, बर्फ चालू आहे. शाळकरी पोरी आहेत म्हणून नावं लिहीत नाही, नंबरच लिहितो.

नऊ ही आमची पिव्होट, म्हणजे रिंगजवळ आत उभी राहणारी उंच खेळाडू. सात नंबर बॉल वर आणते, नऊला आत देते, आणि बाकीच्या तिघी तिच्या भोवतीनं कट मारतात. आमचं सगळं खेळणं या एका पासवर उभं आहे. तिच्या जागी दोघींचा विचार चाललाय.

चौदा: उंचीला नऊच्या खालोखाल. यंदाच संघात आली. पाय जरा जड आहेत आणि अडवताना हात खाली आणते, त्यामुळे फाऊल लवकर बसतात.

सहा: पाच फूट दोन इंच. आमची पहिली बदली. ती आत गेली की खेळाचा वेगच बदलतो, समोरचीच्या हातातला बॉल काढून घेते.

साताऱ्याची पिव्होट चांगली उंच आहे, आणि पहिल्या काही मिनिटांत ते पूर्ण कोर्टावर प्रेस करतात, म्हणजे बॉल पुढे येण्याआधीच आमच्या अर्ध्यात अंगावर येतात. माझा कल चौदाकडे आहे. पण तो नुसता उंचीपायी आहे का, हे मला कळेनासं झालंय. मनापासून सांगा.

— दादा

---

प्रेषक: अण्णा, सनीव्हेल
शनिवार सकाळ

अरे, सहाला उतरव. विचार करत बसू नकोस.

इकडच्या एनबीए लीगची २०१५ची फायनल आठवते ना? वॉरियर्स १–२ ने मागे पडले होते. चौथा सामना क्लीव्हलँडला. वॉरियर्सचे कोच स्टीव्ह कर यांनी सात फुटी बोगटला बसवलं आणि त्याच्या जागी इगुडालाला पहिल्या पाचात आणलं. इगुडालाने त्या सीझनमध्ये साखळीतला एकही सामना सुरुवातीपासून खेळला नव्हता. कल्पना कोणाची, तर निक यूरेन नावाच्या तरुण सहायकाची. २०१४च्या फायनलची व्हिडिओ बघताना त्याच्या लक्षात आलं की सॅन अँटोनियोने तिसऱ्या सामन्यापासून स्प्लिटरच्या जागी बोरिस डियावला आणून मायामीला असंच मोकळं केलं होतं. रात्री उशिरा त्याने ते कोचपर्यंत पोचवलं.

सामना सुरू झाल्या झाल्या क्लीव्हलँडने ७–० घेतले. तुझ्यासाठी महत्त्वाचं आहे ते हे. कर यांनी बेत सोडला नाही. वॉरियर्स १०३–८२ जिंकले, पुढचे दोन्ही सामनेही जिंकले, आणि फायनलचा सर्वोत्तम खेळाडू इगुडालाच ठरला.

त्याआधीचं बघायचं तर १९८०. त्या फायनलच्या पाचव्या सामन्यात लेकर्सचा सेंटर (म्हणजे पिव्होटच) करीम अब्दुल-जब्बारचा घोटा मुरगळला, अगदी तुझ्या पोरीसारखा. सहावा सामना फिलाडेल्फियात, तिकडे तो गेलाच नाही. लेकर्सनी वीस वर्षांच्या मॅजिक जॉन्सनला, म्हणजे आपल्या पॉइंट गार्डला, सेंटरच्या जागी उभं केलं. ४२ पॉइंट, १५ रिबाउंड, ७ असिस्ट. १२३–१०७ ने सामना जिंकला आणि त्याबरोबर चॅम्पियनशिपही.

करीमसारखा दुसरा करीम शोधत बसले असते तर तो त्यांना कुठे मिळणार होता? त्यांनी खेळच बदलला. तूही बदल. साताऱ्याच्या उंच पोरीला पळव. दुसऱ्या क्वार्टरला तिचे हात गुडघ्यावर येतील.

— अण्णा

---

प्रेषक: डॉक्टर वहिनी, फ्रीमॉन्ट
शनिवार सकाळ

भावजी, कोण खेळणार ते तुम्ही ठरवा. मी फक्त नऊबद्दल लिहिते.

पडल्या पडल्या तिला चार पावलं टाकता आली का? आता येतात का? येत नसतील, किंवा घोट्याच्या दोन्हीपैकी एका हाडाच्या मागच्या कडेला नाहीतर टोकाला दाबल्यावर दुखत असेल, तर आज रात्रीच एक्स-रे काढा. या वयात हाडांची वाढ चालू असते. बाहेरून नुसता मुरगळलेला वाटणारा पाय कधी कधी वाढीच्या टोकाशी दुखावलेला असतो. बर्फ कापडातून, पंधरा-वीस मिनिटांपुरताच. क्रेप बँडेज बांधा, पाय उशीवर ठेवा.

आणि सकाळी ती म्हणेल, "सर, आता बरंय, खेळते." गोळी देऊन, पट्टी करकचून बांधून तिला उतरवू नका. दुखणं दबतं पण सांधा सैलच राहतो, आणि पुढची उडी त्याच पायावर पडते. तिला आत्ताच स्वच्छ सांगा की उद्या नाही. सकाळपर्यंत आशेवर ठेवलंत तर ती स्वतः झोपणार नाही, आणि तिच्या जागी येणारी मुलगीही नाही.

---

प्रेषक: ताई, सॅन होजे
शनिवार सकाळ

दादा, मी अण्णांच्या अगदी उलट सांगणार आहे.

अण्णा, मॅजिक सहा फूट नऊ इंचांचा होता. इगुडालाही सहा फूट सहा. ही माणसं "लहान" होती ती फक्त सात फुटांच्या मानाने. आमच्या सहा नंबरला पाच फूट दोन इंचांवरून रिबाउंड काढायचे आहेत. आणि तिकडच्या लीगमध्ये बॉल रिंगमध्ये जातो हो! शाळेच्या मुलींच्या सामन्यात, सिमेंटच्या कोर्टावर, वारं असलं की निम्म्याहून जास्त शॉट रिंगला लागून बाहेर येतात. म्हणजे जितकं चुकणं जास्त, तितका रिबाउंड महाग. उंची सोडून दिली तर सातारा एकेका चालीत दोन-दोन, तीन-तीन शॉट मारेल.

पण माझा खरा मुद्दा उंचीचा नाहीच. मी सांगलीत खेळायचे तेव्हा बहुतेक वेळ बदलीच होते, म्हणून हे आतून माहीत आहे. बाकावरून उठून थंड अंगाने आत जायचं, पहिल्याच पासला खेळ पकडायचा, हे सगळ्यांना जमत नाही. बाकावर बसल्या बसल्या समोरच्यांचं वाचन करावं लागतं. त्यांची गार्ड कुठल्या हाताने ड्रिबल करते, कोण दमलंय, कोण चिडलंय. तुझ्या सहाला ते येतं. तू स्वतःच लिहिलंस की ती आत गेली की वेग बदलतो.

चौदाला हे येतं का? नवीन पोर, फाऊलला घाबरलेली. तिला बाकावर बसवून तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला अचानक "जा" म्हणालास, तर ती थंड पायांनी जाईल आणि पहिला फाऊल तिथेच करेल. तीच पोर वॉर्म-अप करून, घामाने भिजलेली, आपण सुरुवातीला आहोत हे आदल्या रात्रीपासून माहीत असलेली अशी उतरली, तर वेगळी खेळेल. जिला बाकावरून येता येतं तिला बाकावरून येऊ दे. जिला येत नाही तिला सुरुवातीला घाल.

आणि २०१५चीच दुसरी बाजूही बघा. क्लीव्हलँडकडे केव्हिन लव्ह आधीच नव्हता, पहिल्या सामन्यात कायरी अर्व्हिंगचा गुडघा गेला. बदली असलेला डेलाव्हडोव्हा दुसऱ्या सामन्यापासून सुरुवातीला आला आणि त्यांनी सलग दोन सामने जिंकले. पोरगा जीव तोडून खेळला. तिसऱ्या सामन्यात २० पॉइंट, आणि नंतर अंगात गोळे येऊन थेट हॉस्पिटलात. बाकावरची माणसं पुढे आली की बाक रिकामं होतं. पुढचे तिन्ही सामने ते हरले. दादा, तुझ्या बाकावर सहाच्या मागे कोण आहे?

— ताई

---

प्रेषक: दादा, विश्रामबाग
शनिवार, रात्री अकरा

वहिनी, एक्स-रे काढून आणला. हाड शाबूत आहे, डॉक्टरांनी पट्टा बांधून विश्रांती सांगितली. तिला सांगितलं, उद्या नाही. रडली. मग तिची आई आणि मी थोडा वेळ बसलो तिच्याजवळ. तिला म्हटलं, साताऱ्याच्या पिव्होटचे फाऊल तू मोजायचे आणि प्रत्येक टाइमआउटला मला सांगायचं. ती वही घेऊन येणार आहे.

ताई, सहाच्या मागे दोघी आहेत, दोन्ही आठवीतल्या. मिनिट-दोन मिनिटं सांभाळतील, त्यापुढे नाही.

अण्णा, तुमचं "खेळच बदल" मला पटतंय, पण उद्या सकाळपर्यंत बदलता येईल तेवढाच. या पोरी वर्षभर बॉल आत द्यायला शिकल्यात. नवा खेळ त्यांना एका रात्रीत येणार नाही. पण एक गोष्ट येईल. चौदा उभी राहिली तर सात, अकरा, पाच आणि आठ, या चौघींच्या जागा तशाच राहतात. सहा उभी राहिली तर आठला आत पिव्होटच्या अंगावर जावं लागतं, आणि आठ ही आमची बाहेरून मारणारी. म्हणजे एकीच्या जागी दोघी बदलल्यासारखं होतं.

अडचण फक्त प्रेसची. चौदाच्या हातात बॉल टिकत नाही.

---

प्रेषक: भाऊ, मिलपिटास
शनिवार सकाळ

मी साताऱ्याचा आहे, हे यादीवर सगळ्यांना ठाऊक आहे. उद्या माझा जीव तिकडच्या मुलींसाठी तुटणार, तेव्हा त्यांच्या संघाबद्दल मी एक शब्द बोलणार नाही. पण खेळाचं साधं गणित सांगायला हरकत नाही, ते कुठल्याही कोचला माहीत असतं.

प्रेसमध्ये चौदाच्या हातात बॉल टिकायची गरजच नाही. तिला मध्यरेषेजवळ मधोमध उभं करा. सातवर दोघी धावून आल्या की सातने चौदाच्या डोक्याच्या वर पास टाकायचा, उंच मुलीला तो दोन हातांनी वरच पकडता येतो. बॉल खाली आणायचा नाही, ड्रिबल करायचं नाही. वळायचं आणि बाजूने पळणाऱ्या पाच नाहीतर अकराला द्यायचा. आठ सेकंदांत बॉल पुढच्या अर्ध्यात न्यायचा असतो, त्याला एवढे दोन पास पुरतात. प्रेस फोडायला मध्ये उंच माणूस असणं हा फायदाच आहे.

चांगला सामना होऊ दे. दोन्हीकडच्या पोरी आपल्याच आहेत.

---

प्रेषक: मावशी, सॅक्रामेंटो (मूळ माधवनगर)
शनिवार सकाळ

मला बास्केटबॉलमधलं कळत नाही, पण आमच्या माधवनगरात वाढलेल्या क्रिकेटपटू स्मृती मानधनाचं उदाहरण डोळ्यांपुढे आहे. २०२५च्या वर्ल्ड कपमध्ये न्यूझीलंडविरुद्ध स्मृती आणि प्रतिका रावल, दोघींनी शतकं केली. लगेच पुढच्या सामन्यात क्षेत्ररक्षण करताना प्रतिकाचा पाय गेला. सेमीफायनलला शेफाली वर्माला बोलावलं, जी मूळ संघात नव्हती, राखीव खेळाडूंतही नव्हती. सेमीफायनलमध्ये ती दहा धावांवर बाद झाली. तरी तिला काढली नाही. फायनलला स्मृतीबरोबर शंभरावर सलामी दिली, ८७ धावा केल्या, वर दोन विकेट, आणि सामनावीर.

तुमच्या मुलीने पहिल्या दोन मिनिटांत काही चुकवलं तर लगेच बाकाकडे बघू नका. तिला ते बघणं दिसतं. एवढंच सांगायचं होतं.

---

प्रेषक: अण्णा, सनीव्हेल
शनिवार दुपार

माझं मत मी बदलत नाही. पण ताईचा बाकावरचा मुद्दा खोटा नाही, आणि चौघींच्या जागा हलू नयेत हेही बरोबर. मग निदान एवढं कर. तिसरा क्वार्टर सहाला घेऊन सुरू कर. हाफनंतर कोणत्या पाच उतरवायच्या हे तुझ्याच हातात आहे. हाफमध्ये सातारा चौदाला कसं फोडायचं ते ठरवून येईल, आणि समोर बघतील तर चौदा नाहीच.

आणि तू स्कोअरशीटवर पाच नंबर आधी देणार की ते? पत्रिकेत पहिलं नाव कोणाचं आहे ते बघ.

---

प्रेषक: दादा, विश्रामबाग
रविवार, पहाटे साडेपाच

मंडळी, ठरलं.

पत्रिकेत सांगली पहिली आहे, म्हणजे टीम "ए" आम्ही. फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) नियमाने सामन्याच्या किमान दहा मिनिटं आधी पाच नंबर द्यायचे असतात आणि टीम "ए"ने आधी. तेव्हा लपवण्यासारखं काही उरत नाही. सात, अकरा, पाच, आठ, चौदा.

चौदाला काल रात्रीच तिच्या वडिलांच्या फोनवर सांगितलं. थोडा वेळ गप्प होती, मग म्हणाली, "सर, मी नऊसारखी नाही खेळू शकत." मी म्हटलं, नऊसारखं मला नकोच आहे. तुला तीनच कामं. प्रेसला मध्ये उभं राहून बॉल डोक्यावर धरायचा. अडवताना हात सरळ वर, खाली आणायचे नाहीत. आणि शॉट सुटला की आधी बॉलकडे न बघता पाठीनं त्यांच्या पिव्होटला बाहेर ढकलून धरायचं. बॉल कोणीही काढेल, आठ काढेल, पाच काढेल. तिने ती तिन्ही कामं मला परत म्हणून दाखवली.

पहिल्या क्वार्टरला तिला दुसरा फाऊल बसला की, नाहीतर पाच मिनिटं झाली की, यातलं जे आधी होईल तेव्हा सहा आत. पहिलं मिनिट कितीही वाईट गेलं तरी बदल नाही, मावशी. सहा आत असताना त्यांच्या पिव्होटच्या मागे उभं राहायचं नाही, पुढे उभं राहायचं, आत येणारा पासच तोडायचा. डोक्यावरून लोंबता पास आलाच तर पलीकडून पाचने धावायचं. काल रात्री अंगणात पाण्याच्या बाटल्या मांडून सात, सहा आणि पाचकडून हे करून घेतलं.

तिसरा क्वार्टर सहा सुरू करेल, अण्णा.

नऊ पट्टा बांधून वडिलांच्या स्कूटरवर थेट मैदानावर येतेय. रिपोर्टिंग साडेसातला आहे. गुण क्वार्टरगणिक इथेच टाकतो, फोन आमच्या स्कोअररच्या हातात असेल.

— दादा