मंदीच्या महिन्यांत सोलापुरातल्या डिझायनर-फोटोग्राफरनी एकत्र काम धरावं का?

फणी-धोटा (धागाकर्ता)
चातुर्मासात लग्नाचं शूटिंग थांबतं. चादर-टॉवेलचा माल उठेना झाला की कारखानदार आधी नवं डिझाइन बंद करतो. फोटोग्राफर, ग्राफिकवाले, जॅकार्ड (मागावर नक्षी विणायचं यंत्र) डिझायनर असे बरेचदा एकदमच रिकामे होतात. माझं मत स्पष्ट आहे: चौघापाचजणांनी मिळून अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या छोट्या कारखान्यांचं सगळं काम एकत्र घ्यावं. डिझाइन, फोटो, ऑनलाइन विक्रीचा मजकूर, सगळंच. ५० टक्के आगाऊ. आलेल्या रकमेतून आधी खर्च, मग १० टक्के अडचणीच्या फंडात, उरलेलं लिहून ठरवलेल्या वाट्याने.

एकत्र बसण्याचा फायदा कामातच दिसतो. ग्राफिकवाल्याने छटा-छटांचं फूल काढलं तरी विणीत मोजकेच रंग बसतात. जॅकार्डला ४८० हुक (धागे उचलणारे आकडे) आणि इंचाला ताण्याचे, म्हणजे उभे, ४० धागे असतील तर नमुना १२ इंचांवर पुन्हा सुरू होणार. टेरी टॉवेलवर बारीक रेघ लूपमध्ये (वर उठलेल्या धाग्यांच्या फासांत) बुडते, मागच्या बाजूला रंग उलटे येतात. हे पहिल्याच बैठकीत कळलं तर विणीचा आलेख दुसऱ्यांदा काढावा लागत नाही.

ताळेबंद
काम एकत्र करा, पण पैसा एकत्र नको. बिल कुणाच्या नावाने फाडणार? एकाच्या नावाने फाडलं तर व्यावसायिक फीवरचा १० टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापलेला कर) त्याच्याच पॅनवर कापला जातो आणि सगळी रक्कम त्याची उलाढाल म्हणून धरली जाते. सेवेसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाखांची उलाढाल. चौघांचं काम एका नावावर आलं की ती लवकर गाठली जाते.

भागीदारी म्हणाल, तर १९३२ च्या कायद्याप्रमाणे नोंदणी नसलेल्या फर्मला थकलेल्या बिलासाठी गिऱ्हाइकावर दावा लावता येत नाही. नोंदणी केली तरी फर्मच्या नावाने एकाने केलेलं देणं सगळ्यांच्या घरावर येतं. प्रत्येकाने आपलं बिल थेट कारखान्याला द्यावं.

फणी-धोटा
थेट बिलात डिझायनर मरतो, साहेब. त्याची फाइल सगळ्यात आधी जाते. ती मागावर चढली की त्याच्या हातात अडवून धरायला काही उरत नाही. फोटोवाल्याकडे निदान रोखून धरायला मोठ्या फाइली असतात. म्हणून एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) करा. दोघे असले तरी होते, आणि देण्याची जबाबदारी मर्यादित राहते.

ताळेबंद
आणि उलाढाल शून्य असली तरी दरवर्षी दोन विवरणपत्रं भरा! मंदीत हा खर्च कोण उचलणार? त्यापेक्षा प्रत्येकाने उद्यम नोंदणी (लघुउद्योग म्हणून सरकारी नोंद) करावी. लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यायला कारखाना बांधील असतो. उशीर झाला तर चक्रवाढ व्याज.

नवी पेठ
सगळ्यांनी मिळून किमान दर ठरवा, त्याखाली कुणी जायचं नाही. एवढं केलं तरी पुरे.

ताळेबंद
ते अजिबात करू नका. आपापसांत स्पर्धा करणाऱ्यांनी मिळून दर बांधले की २००२ चा स्पर्धा कायदा आडवा येतो. एका कामाचा एकत्रित दर देणं ही वेगळी गोष्ट.

तिसरा डोळा
पैशांवर एवढं चाललंय, हक्कांचं कुणी बोलत नाही. नवं डिझाइन नोंदवायचं असेल तर अर्ज भरण्याआधी ते जगासमोर येता कामा नये. फोटोग्राफरने उत्साहाने इन्स्टाग्रामवर एक फोटो टाकला तरी नावीन्य गेलं. आणि नोंदणीयोग्य डिझाइन नोंदवलंच नाही, तर यंत्रावर ५० पेक्षा जास्त नग निघाले की त्यावरचा कॉपीराइटही संपतो. फोटोंचं उलट आहे: पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक गिऱ्हाईक, वेगळा करार नसेल तर. म्हणून वाट्यांच्या कागदावर नाव आणि वाटा यांच्या जोडीला तिसरा रकाना पाहिजे: कुठली फाइल कुणाची, आणि बाहेर कधी दाखवायची.

शूटिंगचंही लिहून ठेवा. प्रत्येक रंगाच्या पहिल्या फ्रेममध्ये ग्रे कार्ड (रंग जुळवायला ठेवायचं करडं कार्ड), खिडकीचा उजेड आणि ट्यूबलाइट एकत्र नको, वीण उठून दिसायला प्रकाश बाजूने. पडद्यावरचा मरून घरी विटकरी निघाला की माल परत येतो, आणि बोल सगळ्या गटाला लागतो.

फणी-धोटा
तिसरा रकाना मान्य. बिलंही वेगळी करू, पण एका अटीवर: डिझायनरची पूर्ण रक्कम जमा झाल्याशिवाय मागाची फाइल द्यायची नाही. तोवर कारखान्याला फक्त छापील नमुना.

ताळेबंद
ही अट चांगली आहे, ती कारखान्याच्या सहीने करारात घाला. फंडाला मात्र माझा विरोध कायम आहे. पहिली उचल कुणाला द्यायची यावरच गट फुटतात.