वडिलांच्या तोंडाला वास येतो, जिभेवर थर आहे आणि तिखट सोसत नाही : मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार. आम्ही यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यातल्या एका लहान गावात राहतो. माझे वडील ५८ वर्षांचे आहेत. गेल्या काही महिन्यांपासून त्यांच्या तोंडाला इतका वास येतो की शेजारी बसणाऱ्यालाही तो जाणवतो. जिभेच्या मागच्या भागावर पांढरट-पिवळसर थर दिसतो, तोंड वारंवार येते, आणि ज्यांना ठेच्याशिवाय भाकर जात नसे त्यांना आता वरणाच्या फोडणीतली मिरचीही झोंबते. ही पोटातली उष्णता आहे असे गावात बहुतेकांचे मत पडल्यामुळे सब्जाचे पाणी, गुलकंद आणि त्रिफळ्याच्या गुळण्या हे सर्व करून झाले. मेडिकलमधून आणलेल्या माउथवॉशने थोडा वेळ बरे वाटते, मग वास पुन्हा येतो. त्यांना रक्तदाबाची गोळी सुरू आहे; साखर कधी तपासलेली नाही. तरुणपणापासून खर्रा (तंबाखूचे घोटलेले मिश्रण) खातात, हेही सांगायला हवे, आणि तो सोडण्याचा विषय काढला की ते उठून पानठेल्याकडेच निघतात.

दुसरा कोणता माउथवॉश वापरावा, जिभली रोज फिरवावी काय, आणि पोटाच्या डॉक्टरांना दाखवावे की दातांच्या, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १

मी वर्धा जिल्ह्यात दंतवैद्य म्हणून काम करतो. आपण वासाबद्दल विचारले आहे, परंतु आपल्या लिहिण्यात मला सर्वांत महत्त्वाचे वाटले ते तिखट न सोसणे.

वासाचे आधी सांगतो. तोंडाचा वास बहुतेक वेळा पोटातून नव्हे, तर तोंडातूनच येतो. जिभेच्या मागच्या खडबडीत भागावर आणि हिरड्यांच्या फटींत जिवाणू अन्नाचे कण कुजवतात व त्यातून गंधकयुक्त वायू तयार होतात. लाळ कमी झाली की हे वाढते, आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही तोंड कोरडे पडते. म्हणून गोळी मनाने बंद न करता डॉक्टरांना तसे सांगावे. जिभली दिवसातून एकदा, मागून पुढे, हलक्या हाताने फिरवावी. रक्त येईपर्यंत खरवडू नये. माउथवॉश बदलून फारसे साधणार नाही. अल्कोहोल असलेल्या माउथवॉशने आधीच हुळहुळी झालेली त्वचा आणखी झोंबते, तर क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक असलेला माउथवॉश दीर्घकाळ वापरल्यास दातांवर तपकिरी डाग पडतात. कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या पुरेत.

आता खर्र्याकडे वळू. पन्नीत घोटलेल्या त्या मिश्रणात तंबाखू आणि चुन्याबरोबर सुपारी असते, आणि केवळ तंबाखूला दोष देताना ही सुपारी आपल्याकडे नेहमी सुटून जाते. तिच्यातील घटकांमुळे गालांच्या आतल्या त्वचेखाली तंतू साठत जातात, गाल ताठ व फिकट होतात आणि तोंड हळूहळू कमी उघडू लागते. तिखट झोंबणे हे त्याचे सुरुवातीचे लक्षण असू शकते. वडिलांना आपलीच तीन बोटे उभी धरून पुढच्या दातांमध्ये घालून पाहण्यास सांगावे. तीन बोटे सहज जात नसतील, किंवा गालावर अथवा जिभेवर पुसून न निघणारा पांढरा वा लाल चट्टा असेल, किंवा एखादी जखम दोन आठवड्यांत भरली नसेल, तर घरगुती उपाय थांबवून लगेच तपासणी करून घ्यावी, कारण या अवस्थेतून पुढे कर्करोग होऊ शकतो. ताठरपणा पूर्ववत होणे कठीण असते. सुपारी बंद केल्यास आणि व्यायाम व उपचार घेतल्यास तो वाढणे रोखता येते. नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात किंवा वर्ध्याजवळ सावंगी मेघे येथील दंत रुग्णालयात ही तपासणी होते. सोबत रक्तातील साखर, हिमोग्लोबिन आणि बी-१२ जीवनसत्त्व तपासावे.

प्रतिसाद २

माझ्या आईची जीभ लाल, गुळगुळीत होऊन सतत जळजळत असे. तिला खर्र्याची सवय नव्हती. तपासणीत बी-१२ फार कमी निघाले आणि उपचारानंतर आराम पडला. त्यामुळे रक्ततपासणी टाळू नये, मात्र त्यावरून गालांची तपासणीही टाळू नये.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. आज संध्याकाळी बोटांची चाचणी केली. जेमतेम दोन बोटे जातात. वडील त्यावर काही बोलले नाहीत, पण सोमवारी यायला तयार झाले आहेत. उपाशी न्यावे काय? खर्रा एकदम बंद करावा की हळूहळू?

प्रतिसाद १

तोंडाच्या तपासणीसाठी उपाशी राहण्याची आवश्यकता नाही. साखरेची उपाशीपोटी तपासणी करायची असल्यास ती सकाळी आधी उरकून मग न्याहारी द्यावी. निघताना चूळ भरून तोंड स्वच्छ करावे, रक्तदाबाच्या गोळीचे पान सोबत घ्यावे आणि खर्रा किती वर्षांपासून व दिवसाला किती, हे वडिलांनी स्वतः खरे सांगावे.

खर्रा एकदम बंद केला तरी चालतो. सुरुवातीचे काही दिवस चिडचिड, झोप न येणे असा त्रास होतो, तो पुढे कमी होत जातो. तलब आली की बडीशेप किंवा लवंग द्यावी. ‘तंबाखू नाही, नुसती सुपारी’ हा पर्याय मात्र मुळीच देऊ नये. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ या निःशुल्क राष्ट्रीय क्रमांकावर समुपदेशन मिळते; तो फोन आपण लावून द्यावा, बोलणे मात्र त्यांना करू द्यावे.